पडशानंतर मुलाचा हात उचलेना तर

सन २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि शिकागो येथील मुलांच्या रुग्णालयांत दम लागलेली, छाती घरघरणारी मुले नेहमीपेक्षा फार जास्त येऊ लागली. तपासणीत ‘एन्टरोव्हायरस डी-६८’ हा विषाणू सापडला. तो नवा नव्हता. १९६२ सालीच कॅलिफोर्नियात तो ओळखला गेला होता, पण पुढे कितीतरी वर्षे तुरळकच आढळे. बहुतेक मुले बरी होऊन घरी गेली.

मात्र थोड्याच दिवसांत कोलोरॅडो राज्यातील ऑरोरा येथे मुलांच्या डॉक्टरांपुढे वेगळेच रुग्ण आले. आठवड्याभरापूर्वी साधे पडसे, थोडा ताप. आणि आता एक हात किंवा पाय एकाएकी लुळा. काहींचा चेहरा एका बाजूला ओघळलेला, काहींना घास गिळता येईना. त्या वर्षअखेरपर्यंत देशभरात अशी १२० मुले निश्चित नोंदली गेली. या आजाराला ‘अक्यूट फ्लॅसिड मायलायटिस’ म्हणतात. आपल्या पिढीतल्या कोणालाही हे वर्णन वाचून पोलिओच आठवेल. डॉक्टरांनाही तोच आठवला. पण पोलिओचा विषाणू एकाही मुलात मिळाला नाही. योगायोग पाहा, त्याच वर्षी २७ मार्चला भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले होते.

डी-६८ हा पोलिओच्या विषाणूचा चुलतभाऊच. फरक वाटेचा आहे. पोलिओ पोटातून शिरतो. डी-६८ पोटातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून तो नाक-घशात वस्ती करतो आणि खोकल्या-शिंकांतून पसरतो. क्वचित एखाद्या मुलात तो तिथून मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. मेंदूचा हुकूम स्नायूला पोहोचवणाऱ्या पेशी मज्जारज्जूच्या पुढच्या भागात असतात. त्या सुजल्या किंवा मेल्या की हात जागेवर असतो, त्याला स्पर्श कळतो, पण तो उचलत नाही.

हे याच विषाणूचे काम, असे म्हणायला पुरावा हवा होता. पाठीतून काढलेल्या पाण्यात विषाणू जवळजवळ कधीच मिळत नव्हता. शेवटी २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दुसरी युक्ती केली: चोर नाही सापडत, तर त्याच्या पावलांच्या खुणा शोधा. त्यांनी ४२ आजारी मुलांच्या पाठीतल्या पाण्यात प्रतिपिंडे तपासली. सुमारे ७० टक्के मुलांत एन्टरोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडे निघाली.

२०१६ मध्ये पुन्हा लाट आली, २०१८ मध्ये तर २३८ मुले. २०२० मध्येही ती येणार असा अंदाज होता. पण कोरोनामुळे मास्क आणि घरबंदी आली, आणि रुग्ण फारच थोडे झाले. २०२२ मध्ये डी-६८ परत पसरला, तरी लुळेपणा मात्र तितका वाढला नाही. असे का, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही. साल्क आणि साबिन या दोघा यहुदी शास्त्रज्ञांनी पोलिओवर लशी दिल्या. या चुलतभावावर अजून लस नाही, आणि पोलिओची लस त्याला थांबवत नाही.

लाखो मुलांना पडसे होते, त्यातल्या एखाद्यालाच हा आजार जडतो. म्हणून नाक वाहिले की घाबरू नका. पण ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या सुमारास, पडसे-तापानंतर मूल एका हाताने खेळणे टाळू लागले, चालताना पाय ओढू लागले, मान धरेना किंवा बोलणे जड झाले, तर ‘खेळताना लचकले असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. काही मुलांचा अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो आणि त्यांना कृत्रिम श्वास द्यावा लागतो. खात्रीचे औषध नाही, पण व्यायामोपचार लवकर सुरू केलेला बरा. काही मुलांवर निरोगी नस जोडण्याची शस्त्रक्रियाही करतात. पुष्कळांत थोडी कमजोरी मागे राहते.

पडशा-फ्लूनंतर मेंदूला इजा होण्याचा आणखी एक प्रकार आहे. तिथे विषाणू मेंदूत शिरतही नाही, आणि तो आपल्या हातून टळू शकतो. फ्लू (इस्राएलात ज्याला शपाअत म्हणतात) किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला अॅस्पिरिन दिले, तर क्वचित यकृत बिघडते, रक्तात अमोनिया वाढतो आणि मेंदूला सूज येते. ताप उतरत असतानाच मूल सारखे ओकू लागते, चिडचिडे किंवा गुंगलेले होते. याला ‘राय सिंड्रोम’ म्हणतात. अमेरिकेत १९८० साली असे ५५५ रुग्ण नोंदले गेले. मग सरकारने पालकांना सावध केले, औषधाच्या वेष्टनावर इशारा छापायला लावला, आणि १९८७ पासून हा आकडा वर्षाला ३६ च्या वर गेला नाही.

हे मुद्दाम लिहितो, कारण नातवंडांकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांच्या बॅगेत डिस्प्रिनचे पाकीट हमखास असते. डिस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिनच. मुलांच्या तापाला पॅरासिटामॉल द्यावे. त्यालाच भारतात क्रोसिन, इस्राएलात अकामोल आणि अमेरिकेत टायलेनॉल म्हणतात. मात्रा वजनावरून ठरते, ती डॉक्टरला विचारा. आजोबांना हृदयासाठी रोज लिहून दिलेली अॅस्पिरिनची छोटी गोळी मात्र हे वाचून बंद करू नये. ती त्यांनी घ्यावी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.