विहिरीकाठचा कारिवणा आणि सोलहून आलेली ट्यूब

गेल्या मे महिन्यात माझी भाची चिपळूणला आजोळी आली, तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर बारीक पुरळ होतं आणि कातडी पापडासारखी ताणलेली होती. साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. एकोणीस वर्षांची मुलगी, पुण्यात हॉस्टेलवर राहते. व्हिडिओ बघून महिनाभर रोज रात्री आधी आम्लाचा टोनर, त्यावर व्हिटॅमिन सी, त्यावर रेटिनॉल असं सगळं थापलं होतं आणि दर रविवारी लिंबू-साखरेनं चेहरा घासला होता. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला सगळं बंद करायला लावलं. सौम्य फेसवॉश, सेरामाइडचं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, सहा आठवडे बाकी काही नाही. तिच्या पिशवीतली एकच गोष्ट ठेवायला त्यांनी परवानगी दिली. ती होती एका कोरियन क्रीमची ट्यूब, हिरव्या पानाचं चित्र असलेली.

ती ट्यूब माझ्या आईनं चष्मा लावून बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या विहिरीकडचा कारिवणा!"

आई बरोबर सांगत होती. विहिरीच्या ओलसर कडेला, दोणीच्या सांडपाण्यावर पसरणारी ती गोल, कातरलेल्या काठाची पानं आम्ही लहानपणी तुडवत जायचो. संस्कृतात मंडूकपर्णी, गोव्यात एकपानी, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. कोरियन भाषेत तिला ब्योंगपुल म्हणतात. बाजारात हीच वनस्पती 'सिका' नावानं विकली जाते. जखमेच्या व्रणाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. जखमी वाघ या गवतात लोळतात अशी लोककथा आशियात सांगतात, म्हणून तिचं एक नाव 'वाघगवत' असंही आहे.

मी गेली वीस वर्षं औषधनिर्माणशास्त्र शिकवते. त्यामुळे या ट्यूबमध्ये मला वाघापेक्षा रस वाटला तो चार रेणूंमध्ये: एशियाटिकोसाइड, मॅडेकॅसोसाइड, एशियाटिक आम्ल आणि मॅडेकॅसिक आम्ल. दुसऱ्या आणि चौथ्या नावात मादागास्कर बेट दडलं आहे, कारण या वनस्पतीवरचं आधुनिक काम फ्रेंच संशोधकांनी तिथल्या झाडांवर केलं. त्यातून जखमेवरचं मलम तयार झालं, ते कोरियात गेलं आणि तिथल्या घराघरांत पोचलं. आपल्याकडे खरचटलं की जशी हळद किंवा बोरोलिन आठवते, तसं कोरियन आयांना 'माडेकासोल' आठवतं. कोरियन कंपन्यांनी सिका क्रीम काढलं तेव्हा तिथल्या लोकांना ते नवं वाटलंच नाही, लहानपणी ढोपराला लावलेलं औषध आता गालाला लावायचं एवढंच. हे रेणू त्वचेतली जळजळ उतरवतात आणि कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. भाचीच्या सोललेल्या गालांना नेमकं तेच हवं होतं.

मग बाकीचं सगळं का थांबवलं? त्यासाठी त्वचेची भिंत समजून घ्यावी लागते. कोरियन जाहिरातींत 'पिबु जांगब्योक', म्हणजे त्वचेची तटबंदी, हा शब्द सारखा येतो आणि माझ्या मते त्या सगळ्या सौंदर्यशास्त्राचा गाभा तोच आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींच्या पंधरा-वीस पापुद्र्यांचा असतो, जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन. पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना. या चुन्यात निम्मा वाटा सेरामाइडचा असतो, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हा चुना शाबूत असला की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची धूळ, जंतू, साबण बाहेर राहतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास. अंगाच्या साबणाचा पीएच नऊ-दहा. रोज साबणानं खसखसून तोंड धुणं म्हणजे रोज थोडा चुना खरवडणं. भाचीच्या आम्लाच्या थरांनी आणि लिंबू-साखरेनं तेच केलं होतं. म्हणून कोरियन पद्धतीत संध्याकाळी आधी तेलानं सनस्क्रीन आणि मेकअप सोडवतात, मग कमी पीएचच्या जेलनं तोंड धुतात, घासाघीस करत नाहीत. सेरामाइड क्रीमचं कामही तेच, उडालेला चुना भरून देणं. दिसायला हे काम अगदी साधं, पण सगळ्या बाटल्यांमधून एकच निवडा म्हटलं तर मी हीच निवडेन.

या चुन्याला हातभार लावणारा दुसरा घटक म्हणजे नायसिनामाइड. हे ब जीवनसत्त्वाचं एक रूप, ब३. ते त्वचेला स्वतःचं सेरामाइड बनवायला मदत करतं. शिवाय रंगपेशींमध्ये तयार झालेले मेलॅनिनचे कण वरच्या पेशींकडे पोचण्याची वाट थोडी अडवतं, त्यामुळे मुरुमांनंतर राहणारे काळे डाग हळूहळू फिकट होतात. कोरियाच्या प्रसाधन कायद्यात 'कार्यक्षम प्रसाधनं' असा वेगळा वर्ग आहे. त्यात डाग उजळण्याचा दावा करायचा तर नायसिनामाइड २ ते ५ टक्के, सुरकुत्यांचा दावा करायचा तर अडेनोसिन ०.०४ टक्के, अशी मापं ठरलेली आहेत. आपल्या दुकानांत १० टक्क्यांच्या बाटल्या दिमाखात मिरवतात. नाजूक त्वचेला त्या झोंबू शकतात आणि पाचाच्या दुपटीनं फायदा दुप्पट होत नाही.

इथे एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. कोरियन वेष्टनावरच्या 'मिबेक' शब्दाचं भाषांतर 'गोरं करणारं' असं होतं आणि आपल्याकडे ते लगेच उचललं जातं. नायसिनामाइड डाग कमी करतं, जन्मजात रंग बदलत नाही आणि त्यानं तो बदलायची काही गरजही नाही. सावळ्या त्वचेतलं भरपूर मेलॅनिन ही निसर्गानं दिलेली छत्री आहे. ती घालवायच्या नादात स्टेरॉइडच्या मलमांनी चेहरे खराब करून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

तांदळाची गोष्ट मात्र मायेची आहे. तांदूळ धुतल्यावर उरणाऱ्या दुधाळ पाण्याला कोरियन बायका स्सालत्तुमुल म्हणतात. आपण त्याला धुवण म्हणतो. त्यांच्या आज्या त्यानं तोंड धुवायच्या. तांदळाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं, ते उन्हानं होणारी झीज रोखायला मदत करतं. स्टार्च आणि अमिनो आम्लं त्वचेला मऊपणा देतात. जोसॉन राजवटीच्या काळात तिथे साबणाऐवजी मूग किंवा लाल चवळीसारख्या कडधान्याचं पीठ वापरत, त्याला जोदू म्हणत. ओल्या हातावर घेऊन चेहऱ्याला चोळायचं आणि धुवायचं. नरकचतुर्दशीच्या पहाटे वाटीत उटणं कालवणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. १८०९ साली बिंगहोगाक यी नावाच्या एका विदुषीनं 'ग्युहाप चोंगसो' हा घरगुती ज्ञानकोश लिहिला. स्वयंपाक, शिवण, शेती यांच्या जोडीनं सौंदर्याच्या कृतीही त्यात आहेत आणि तो तिनं बायकांना वाचता यावा म्हणून हंगुल लिपीत लिहिला. आपल्या आज्यांच्या उटण्याची प्रमाणं अशी कुणी वेळीच लिहून ठेवली असती तर किती बरं झालं असतं! माझ्या आजीची कृती तिच्याबरोबर गेली. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा एवढी नावं राहिली, मापं राहिली नाहीत.

कोरियन कंपन्यांनी मापं धरली, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. जिनसेंगचंच बघा. माणसाच्या आकाराचं हे मूळ जमिनीत सहा वर्षं वाढलं की सर्वांत कसदार मानतात आणि केसोंग शहर त्यासाठी प्रसिद्ध होतं, आज ते उत्तर कोरियात आहे. त्याच केसोंगमध्ये १९३०च्या दशकात युन दोक-जोंग नावाची बाई घरी कॅमेलियाच्या बियांचं केसांचं तेल काढून विकायची. तिच्या मुलानं, सो सोंग-ह्वाननं, १९४५ मध्ये कंपनी काढली. ती आजची अमोरेपॅसिफिक. १९६६ मध्ये तिनं जिनसेंगचं पहिलं क्रीम बाजारात आणलं. तेव्हापासून मुळातले जिनसेनोसाइड वेगळे काढणं, ते आंबवून त्वचेत शिरतील एवढे लहान करणं, यावर तिथे काम चालू आहे. वयानं सैल पडणाऱ्या त्वचेसाठी जिनसेंगचा उपयोग बऱ्यापैकी समजतो, पण विशीतल्या मुलीला त्याची महागडी बाटली घ्यायचं कारण मला दिसत नाही.

स्सुक या वनस्पतीबद्दल मला विशेष ओढ आहे. कोरियाच्या जन्मकथेत एक अस्वल आणि एक वाघ माणूस व्हायचं म्हणून देवपुत्राकडे जातात. तो त्यांना स्सुकची जुडी आणि लसणीच्या वीस पाकळ्या देतो आणि शंभर दिवस गुहेत उन्हाशिवाय राहायला सांगतो. वाघ पळून जातो, अस्वल टिकतं आणि त्याची स्त्री होते. तिचा मुलगा दांगुन, कोरियाचा आद्य राजा. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' ग्रंथात ही कथा आहे. हा स्सुक म्हणजे आर्टेमिसिया कुळातली वनस्पती आणि चैत्रात जोतिबाला वाहतो तो आपला दवणा तिचा सख्खा भाऊबंद. गांगह्वा बेटावरचा स्सुक तिथे नावाजलेला, त्याचा अर्क लाल झालेली, खाजरी त्वचा शांत करतो. मात्र ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे त्यांनी यापासून जपून राहावं. दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या घराण्यातल्या आहेत आणि एकीला चिडणारी त्वचा दुसरीलाही चिडू शकते. पुणे-नगरकडे ही ॲलर्जी किती आहे हे तिथल्या वाचकांना ठाऊक असेलच.

गोगलगाईच्या स्रावाचं नाव काढलं की आई अजूनही तोंड फिरवते. मी मात्र बाटली उघडून दोन बोटांवर घेतलं. बोटं लांब केली की कच्च्या पाकासारखी तार सुटते, वास जवळजवळ नाही. चेहऱ्यावर पसरलं की आधी चिकट वाटतं, मिनिटभरात मुरतं. या चिकट पदार्थाची कहाणी कोरियात सुरू झालेली नाही. चिलीमध्ये खाण्यासाठी गोगलगाई पाळणाऱ्या एका कुटुंबाला १९८०च्या दशकात आपल्या हातांवरच्या जखमा लवकर भरतात असं दिसलं आणि त्यातून क्रीम निघालं. कोरियनांनी ते जगभर नेलं. एका प्रसिद्ध बाटलीवर तर ९६ हा आकडाच नावात आहे, म्हणजे शेकडा ९६ भाग स्रावाचं गाळीव द्रव्य. त्यातली ग्लायकोप्रोटीनं आणि ॲलँटॉइन ओलावा धरतात, कोरड्या त्वचेला ते नक्की मानवतं. सुरकुत्यांबद्दलचे दावे लहान प्रयोगांवर उभे आहेत. शाकाहारी घरात हे चालत नसेल तर ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक आम्लावर ओलाव्याचं काम भागतं.

हायल्युरॉनिक आम्ल हा नाव सोडलं तर मुळीच न झोंबणारा पदार्थ. आपल्या शरीरात तो असतोच. १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातल्या द्रवात तो प्रथम सापडला. तो पाणी धरून ठेवतो, पण ते पाणी त्याला कुठून तरी मिळायला हवं. मुंबईच्या दमट हवेत तो सुखानं काम करतो. एप्रिलच्या नागपुरात किंवा एसीच्या खोलीत कोरड्या चेहऱ्यावर नुसता लावला तर त्वचा उलट ओढल्यासारखी वाटते. तोंड धुतल्यावर ओलसर चेहऱ्यावर लावावा आणि लगेच वरून क्रीमचं झाकण घालावं.

सध्या गाजतंय ते सॅमन माशाच्या डीएनएचं, पीडीआरएनचं. कोरियात डॉक्टर ते सुईनं त्वचेत सोडतात. बाटलीतून लावायच्या सीरमबद्दल मी साशंक आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू अखंड त्वचेतून सहज आत जात नाही आणि डीएनएचे हे तुकडे त्याच्या कितीतरी पट मोठे असतात.

जुनं आणि देशी म्हणजे निर्धोक, असंही नाही. कोरियात १९१६ च्या सुमारास 'पाकगाबुन' नावाची चेहऱ्याची पांढरी पावडर निघाली, हातोहात खपली. ती चेहऱ्याला छान बसायची, कारण तिच्यात शिसं होतं. त्वचा बिघडली, बायका आजारी पडल्या आणि १९३०च्या दशकात ती बंद झाली. २००८ पासून कोरियात प्रसाधनाच्या वेष्टनावर सगळे घटक छापणं बंधनकारक आहे. पुढे 'ह्वाहे' नावाचं ॲप आलं, त्यात कुठल्याही बाटलीतले घटक बघता येतात. तिथल्या कॉलेजातल्या मुली आज घटकांची यादी वाचून खरेदी करतात. यादीत जे आधी, ते प्रमाणानं जास्त. ट्यूबवर पानाचं चित्र मोठं आणि अर्काचं नाव यादीत शेवटून तिसरं असेल, तर तुम्ही चित्राचे पैसे देत आहात.

भाची आता नवी कुठलीही वस्तू आधी कानामागे चार दिवस लावून बघते. एका वेळी एकच, आणि तिला महिनाभराचा अवधी देते, कारण त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. सनस्क्रीन दोन बोटं भरून घेते. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबानं, चण्याएवढ्या थेंबात तो मिळत नाही.

गणपतीला ती आली तेव्हा गाल निवले होते, एका बाजूला फिकट डाग तेवढा उरला होता. पावसानं विहिरीकाठी कारिवणा दाट माजला होता. तिनं ओंजळभर पानं खुडली आणि वाटून चेहऱ्याला लावू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. कच्च्या पानात मातीतले जंतू असतात, कुठल्या पानात रेणू किती हे आपल्याला माहीत नसतं आणि नुकत्या भरलेल्या त्वचेवर तो प्रयोग नको. आईनं तिच्या हातातली पानं घेतली, तीन पाण्यांतून धुतली आणि ओलं खोबरं, हिरवी मिरची, दोन आमसुलं घालून पाट्यावर चटणी वाटली. पोरीनं तिच्याबरोबर तांदळाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या.