डेल्टिक : कारखान्याविना जगवलेली इंजिने

ब्रिटनच्या रेल्वेवर १९६१ आणि १९६२ मध्ये डेल्टिक जातीच्या २२ डिझेल लोकोमोटिव्ह दाखल झाल्या. लंडनचे किंग्ज क्रॉस ते एडिंबरो हा ३९३ मैलांचा मार्ग त्यांचा. ताशी १०० मैल वेग, ३,३०० अश्वशक्ती आणि वजन अवघे ९९ टन. त्या बांधणाऱ्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचेच त्याच काळातले दुसरे डिझेल १३३ टनांचे होते आणि त्याची ताकद २,००० अश्वशक्ती होती. या दोन आकड्यांतच डेल्टिकचे मोठेपण आहे, आणि पुढे तिला जिवंत ठेवणाऱ्यांपुढची अडचणही.

डेल्टिक बांधल्या गेल्या या कंपनीच्या न्यूटन-ले-विलोज इथल्या व्हल्कन फाउंड्रीत. मराठी वाचकाला हा कारखाना परका नाही. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या प्रवासी गाडीची इंजिने याच कारखान्याची. मुंबई-पुणे मार्गावर वर्षानुवर्षे धावलेली मध्य रेल्वेची डब्ल्यूसीएम-१ विद्युत इंजिनेही १९५४-५५ च्या सुमारास इथेच घडली. डेल्टिकपैकी आठ लोकोमोटिव्हना शर्यतीच्या घोड्यांची नावे होती. त्यातले ‘तुल्यार’ हे १९५२ ची एप्सम डर्बी जिंकलेल्या घोड्याचे नाव, आणि त्या घोड्याचे मालक तिसरे आगाखान, म्हणजे पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारेच.

एवढी ताकद एवढ्या कमी वजनात बसली ती नेपियर कंपनीच्या ‘डेल्टिक’ इंजिनामुळे. ते मुळात रेल्वेसाठी नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलाला वेगवान लढाऊ नौकांसाठी हलके डिझेल हवे होते, त्यासाठी ते आखले गेले. त्याची रचना त्रिकोणी. तीन बाजूंना सहा-सहा सिलिंडरांच्या रांगा आणि तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावतात आणि इंधन त्यांच्या मधोमध पेटते. त्यामुळे सिलिंडरला हेड नाही, व्हॉल्व्हही नाहीत. एक पिस्टन हवा आत येण्याची छिद्रे उघडतो, दुसरा धूर बाहेर जाण्याची. धुराकडचा पिस्टन २० अंश पुढे असावा लागतो, म्हणजे आधी धूर सुटतो आणि मग ताजी हवा शिरते. तिन्ही रांगांत हा मेळ एकाच वेळी जमत नव्हता. तीनपैकी एक क्रँकशाफ्ट उलट्या दिशेने फिरवला की तो जमतो, हे नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवार्डन यांनी दाखवून दिले. यंत्ररचनेतली इतकी सुंदर उकल क्वचितच सापडते.

एका लोकोमोटिव्हमध्ये अशी दोन इंजिने असतात, प्रत्येकी १,६५० अश्वशक्तीची. म्हणजे एका लोकोमोटिव्हमध्ये ३६ सिलिंडर, ७२ पिस्टन आणि सहा क्रँकशाफ्ट. इंजिन जनरेटर फिरवते आणि त्या विजेवर बोगींतल्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांतल्या, सहा ट्रॅक्शन मोटर चालतात. एका इंजिनात बिघाड झाला तर दुसऱ्यावर गाडी कमी वेगाने का होईना, मुक्कामी पोचते.

नोकरीच्या काळात हे इंजिन शेडमध्ये फारसे उघडलेच जात नसे. बिघाड झाला किंवा ठरलेले तास भरले की छताचा भाग काढायचा, आख्खे इंजिन क्रेनने उचलायचे, दुरुस्त झालेले दुसरे खाली सोडायचे आणि लोकोमोटिव्ह कामावर धाडायचे. उतरवलेले इंजिन खास कार्यशाळेत जाई. तिथे त्याचे जिग, मापे, चाचणीची व्यवस्था आणि त्यावर हात बसलेले कारागीर असत. २२ लोकोमोटिव्हचा ताफा या अदलाबदलीवर जगत होता. वाफेच्या इंजिनाचा सांगाडा भंगारवाड्यातून आणून हौशी मंडळींनी उभा केल्याची उदाहरणे ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत, कारण ते काम बहुतांशी डोळ्यांना दिसते आणि हाताने करता येते. डेल्टिकच्या बाबतीत लोकोमोटिव्ह विकत घेऊन भागत नाही. तिच्यामागचा कारखानाही पुन्हा उभा करावा लागतो.

२ जानेवारी १९८२ रोजी निरोपाच्या गाडीने डेल्टिकची सेवा संपली. जाताना ‘तुल्यार’ होती आणि येताना ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’. २२ पैकी सहा वाचल्या. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या डेल्टिक प्रिझर्वेशन सोसायटीने सभासदांच्या पैशांतून ‘अॅलिसिडॉन’ आणि ‘रॉयल हायलँड फ्युझिलियर’ या दोन घेतल्या, १९८६ मध्ये ‘तुल्यार’ही घेतली. पहिल्या दोघींना नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेवर आसरा मिळाला. मात्र अवजड उचल आणि छताखालची दुरुस्ती पाहुण्या म्हणून राहिलेल्या जागी किती दिवस करणार? सोसायटीचा स्वतःचा डेपो २००३ मध्ये डर्बीशायरमधल्या बॅरो हिल इथे सुरू झाला. शेजारचे ‘राउंडहाउस’ पद्धतीचे लोकोशेड १८७० चे. मधोमध टर्नटेबल आणि भोवती किरणांसारखे रूळ. १९९१ मध्ये ते बंद पडले, पाडले जाण्याची वेळ आली, तेव्हा स्थानिक स्वयंसेवकांनी झटून ते वाचवले आणि १९९८ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले.

अशा डेपोतली दुरुस्ती गंजापासून सुरू होते. खिडक्यांच्या चौकटी, दारांचे उंबरे, छताचे सांधे, जिथे पाणी साचते तिथला पत्रा आधी सडतो. तो कापून नवा जोडायचा, आणि वेल्डिंग करताना मागची केबल जळू नये म्हणून तिथली अंतर्गत मांडणी आधी सोडवून घ्यायची. विजेच्या तारांचे जुने आवरण कडक होऊन तडकते. एकेक तार चिठ्ठी लावून काढायची आणि तशीच परत घालायची, यात महिने जातात. बोगी बाहेर काढल्या की चाकांचे टायर, बेअरिंग आणि ब्रेकचे दुवे तपासतात. ट्रॅक्शन मोटर तारा नव्याने गुंडाळण्यासाठी बाहेरच्या व्यावसायिकांकडे जातात. हे काम स्वयंसेवकांनी घरी करण्यासारखे नाही. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो.

इंजिनाचे काम याहून नाजूक. सिलिंडरच्या लायनरभोवती थंड पाणी खेळते. सील दमली की ते पाणी आत झिरपते आणि दोन पिस्टनांच्या मध्ये साचते. पाणी दाबले जात नाही. अशा अवस्थेत इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि एका सिलिंडरचा बिघाड तीन क्रँकशाफ्टच्या यंत्राला वेठीला धरतो. म्हणून बरेच दिवस उभे राहिलेले इंजिन आधी हाताने हळूहळू फिरवून पाहतात. वंगणाचा दाब पंपाने आधी तयार करतात, थंडीत पाणीही तापवून घेतात. एवढे करूनही पहिल्या धडाक्याला निळसर धुराचा लोट उठतोच. इंजिन मंद चालत असताना धुराच्या नळकांड्यात तेल जमते आणि जोर लावला की ते जळून बाहेर पडते.

सुटे भाग हा कायमचा घोर. नवे पिस्टन किंवा लायनर बाजारात मिळत नाहीत, म्हणून निकामी इंजिने जपून ठेवायची आणि त्यातले धड भाग दुसऱ्यात घालायचे. वाचलेल्या सहांपैकी ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’चे एक इंजिन गेले तेव्हा नॉर्वेच्या नौदलाच्या गस्ती नौकांसाठी बनलेले डेल्टिक इंजिन मिळवून ते रेल्वेच्या कामाजोगे बदलून बसवले गेले. इंजिन समुद्रासाठीच जन्मले होते, म्हणून हा मार्ग निघाला.

संग्रहालयाच्या आवारात चालवणे एक आणि राष्ट्रीय मार्गावर नेणे दुसरे. तिथे सिग्नल चुकल्यास गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा आणि प्रवासाची नोंद ठेवणारे उपकरण लागते, तपासण्यांची कागदपत्रेही सादर करावी लागतात. १९६१ च्या केबिनमध्ये हे सारे मूळ रूप न बिघडवता बसवणे कौशल्याचे काम आहे. रेल्वेच्या खासगीकरणानंतर ती वाट मोकळी झाली आणि ३० नोव्हेंबर १९९६ रोजी ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’ पुन्हा एडिंबरो-किंग्ज क्रॉस मार्गावर धावली. २०११ मध्ये तीच लोकोमोटिव्ह एका मालवाहू कंपनीने भाड्याने घेतली आणि नॉर्थ ब्लाइथ बंदर ते लाइनमथचा अॅल्युमिनियम कारखाना या मार्गावर अॅल्युमिनाच्या वाघिणी ओढायला लावली. जलद प्रवासी गाड्यांसाठी बांधलेल्या या लोकोमोटिव्हने, सेवा संपल्यावर जवळजवळ तीन दशकांनी, रोजच्या मालवाहतुकीत भाडे कमावले.