व्यसन : एका शब्दाचा अर्थसंकोच आणि अफूवरील औषधोपचार

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण ‘व्यसनाधिकारिक’ या नावाचे आहे. त्यात दुष्काळ, पूर, रोगराई ही जशी व्यसने, तशीच मद्य, द्यूत, मृगया हीही व्यसनेच. आपत्ती आणि दुर्वर्तन हे दोन्ही अर्थ संस्कृतात एकाच शब्दात नांदत होते. मराठीने त्यांपैकी दुसरा तेवढा राखला. अर्थसंकोचाची अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. पण अफूच्या बाबतीत त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.

झाशी मराठी वाचकास नेवाळकरांमुळे आणि गोडसे भटजींच्या प्रवासवर्णनामुळे परिचित. तथापि तिचे स्थानही लक्षात घेण्यासारखे आहे : पश्चिमेस नीमच-मंदसोरचा अफू पिकविणारा मुलूख, पूर्वेस १८२० पासूनचा गाझीपूरचा अफू-कारखाना. एके काळी अफू हे घरगुती औषधच होते. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणारी आई तान्ह्याला ‘बाळागोळी’ देऊन निजवीत असे. १९४९ मध्ये अफूचे सेवन दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले, १९८५ चा कठोर कायदा आला. अफूची जागा बहुतांशी हेरॉइनने व वेदनाशामक गोळ्यांनी घेतली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या वर्गातील पदार्थांपायी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ७७ लाख आहेत.

या पदार्थांची सवय जडलेल्या शरीरास त्यांवाचून वेदना, जुलाब, अनिद्रा सोसावी लागते. केवळ निश्चयाने अथवा काही दिवस रुग्णालयात ठेवून सोडविलेला मनुष्य बहुधा परततो. आणि मधल्या काळात सहनशक्ती उतरलेली असल्याने पूर्वीचीच मात्रा त्याचा प्राण घेऊ शकते. ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवावयाची गोळी मेंदूतील त्याच ग्राहकांना बिलगते, परंतु त्यांना अर्धवटच चेतविते. तळमळ शमते, मात्रा वाढवूनही परिणाम एका मर्यादेपलीकडे फारसा वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका पुष्कळ कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हे औषध मेथाडोनसह अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. ‘ही तर एक नशा काढून दुसरी लावणे’ हा आक्षेप सर्वत्र ऐकू येतो. मधुमेह्याच्या इन्सुलिनला मात्र कोणी व्यसन म्हणत नाही.

हे औषध द्यावयाचे कोठे, हा खरा प्रश्न. फ्रान्सने १९९५-९६ च्या सुमारास सामान्य डॉक्टरांना ते लिहून देण्याची मुभा दिली. पुढील काही वर्षांत तेथील हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशांनी घटले. भारतात एड्स नियंत्रण कार्यक्रमाने २००७-०८ पासून सुई टोचून घेणाऱ्यांसाठी ही सोय केली, पंजाबने २०१७ मध्ये बाह्यरुग्ण केंद्रे उघडली. झाशी जिल्ह्यापुरता विचार केला तर अडचण उघड दिसते. आरंभीचे काही आठवडे गोळी बहुधा रोज, कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागते. मऊरानीपूर झाशीपासून सुमारे साठ किलोमीटर. तेथल्या मजुराला त्यासाठी शहर गाठावे लागले, तर रोजची मजुरी आणि बसभाडे दोन्ही जाणार. दहाव्या दिवशी तो येईनासा होईल, आणि कागदावर लिहिले जाईल की रुग्णाने सहकार्य केले नाही. हेच औषध त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, तापाच्या व खोकल्याच्या रुग्णांच्याच रांगेत मिळाले, तर गोळी विरघळेपर्यंतची पाच-दहा मिनिटे बसून तो कामावर जाऊ शकतो. शेजाऱ्यांना तो कशासाठी आला हे कळण्याचेही कारण नाही.