ठिगळ की शिवण?

हेवी मेटलच्या गाण्यात व्हायोलिन वाजू लागले की जाणकार श्रोता सावध होतो, आणि ते योग्यच आहे. पुष्कळदा गाणे आधीच बेतलेले असते, ऑर्केस्ट्रा नंतर भरजरी काठासारखा लावलेला. झुरिकच्या सेल्टिक फ्रॉस्ट या बँडचा १९८७ सालचा ‘इन्टू द पँडेमोनियम’ हा अल्बम मात्र या संशयाला पुरून उरतो. ‘रेक्स इराए’ घ्या. रेक्विएम या मृतांसाठीच्या प्रार्थनेतल्या ‘दिएस इराए’ला, म्हणजे क्रोधाच्या दिवसाला, मुरड घालून इथे क्रोधाचा राजा केला आहे. जड गिटारवर बँडचा गायक टॉम वॉरियर विव्हळल्यासारखा गातो, त्याला ऑपेराच्या वळणाचा स्त्रीस्वर उत्तर देतो, आणि फ्रेंच हॉर्न व तंतुवाद्ये तो संवाद पुढे नेतात. स्त्रीस्वर काढून पाहा: विलाप उरेल, पण समोर कोणी नसेल. म्हणजे नाट्यच गेले. बोदलेअरच्या एकाच कवितेची या बँडने दोन रूपे केली, एक इंग्रजीत बँडसह, दुसरे फ्रेंच स्त्रीस्वर आणि तंतुवाद्यांवर. कानाला पटते ते दुसरे.

यात नवे काय, असे कोणी विचारेल. डीप पर्पलने १९६९ मध्येच लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चेर्तो वाजवला होता. खरे आहे, पण तिथे बँड आणि ऑर्केस्ट्रा बराच वेळ आळीपाळीने बोलतात, इथे दोघांचे वाक्य एकच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हा अल्बम म्हणजे भेळ आहे. सुरुवातच दुसऱ्या बँडच्या ‘मेक्सिकन रेडिओ’ने, मध्येच ड्रम मशीनवर अंतराळ मोहिमेतले आवाज. वॉरियर गायक म्हणूनही बेताचाच, आणि काही ठिकाणी त्याचे कण्हणे सोसवत नाही. हे सगळे मान्य. पण मुखपृष्ठावर हिएरोनिमस बॉशने रंगवलेल्या नरकाचा तुकडा आहे, आणि त्याच नरकात एक पापी हार्पच्या तारांवर ताणलेला आहे. असे चित्र निवडणाऱ्यांकडून नीटनेटकेपणाची अपेक्षा कशाला?

शिवाय ‘रेक्स इराए’ हा तीन भागांच्या रेक्विएमचा पहिला भाग होता. नुसत्या सजावटीसाठी कोणी इतकी वर्षे झुरत नाही. शेवटचा भाग बँडच्याच २००६ च्या ‘मोनोथिइस्ट’ या अल्बममध्ये आला; मधला वॉरियरने नंतर पुरा केला आणि नेदरलँड्समधल्या टिलबर्गला २०१९ मध्ये मेट्रोपोल ऑर्केस्ट्रासह तिन्ही भाग सलग सादर झाले. अल्बममधला त्याचा साथीदार, बासवादक मार्टिन एरिक एन, २०१७ मध्येच गेला होता.