टाकीतलं शेवाळ: ते कशावर वाढतं ते आधी बघा

मागे एकदा डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या एका गटातून सकाळी सहालाच फोन आला. "ताई, मासे वर येऊन तोंड उघडतायत, लवकर या." मी पोहोचेपर्यंत बावीसपैकी आठ मासे गेले होते. क्लाऊनफिश, म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला समुद्री मासा. पोरं त्याला निमो म्हणतात.

या गटाने अंतर्गत कर्ज काढून शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावली होती. पिल्लं वाढवायची आणि विकायची, असा हिशोब. दोन महिने छान गेले. मग काचेवर, दगडांवर हिरवं शेवाळ चढलं. गिऱ्हाईक टाकी बघून नाक मुरडायला लागलं. कोणीतरी सांगितलं, निळं औषध घाला, दोन दिवसांत साफ होईल. घातलं. शेवाळ खरंच मेलं, पण मागोमाग मासेही गेले. मग गटात रडारड झाली, एकमेकींकडे बोटं दाखवून झाली. अशी वेळ दुसऱ्या गटावर येऊ नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

हा धंदा आता आपल्या भागात नवा राहिलेला नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभेच्या समुद्री माशांची पैदास होते. खाडीकाठच्या गावांसाठी कांदळवन कक्षाची उपजीविका योजना २०१७ पासून आहे, तिच्यात खेकडापालन, कालवं यांच्याबरोबर शोभिवंत मासेही आहेत. म्हणून शेवाळाची गोष्ट नीट समजून घेणं आपल्या पैशाच्या कामाचं आहे.

औषधाने मासे का गेले?

शेवाळाच्या निळ्या औषधांत बहुतेक वेळा तांबं असतं. शेती करणाऱ्या बायांना मोरचूद माहीत आहे, तोच प्रकार. त्याने शेवाळ मरतं, पण टाकीतल्या गोगलगायी, कोळंबी, खेकडेही मरतात. शिवाय भरपूर शेवाळ एकदम मेलं की ते पाण्यातच कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. रात्री उजेड नसल्याने जिवंत शेवाळही प्राणवायू देत नाही, उलट घेतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन धापा टाकत होते.

असं कधी दिसलंच तर हवेचा पंप जोरात सुरू करा, मेलेलं शेवाळ हाताने काढा आणि पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी तेवढंच खारट आणि तेवढंच कोमट हवं.

शेवाळ येतं कुठून?

कल्याणजवळ उल्हास नदीत जलपर्णी माजते, ती तुम्ही बघितली असेल. कितीदा काढली तरी परत येते, कारण सांडपाणी येतच राहतं आणि त्यातलं खत तिला मिळत राहतं. ठाणे खाडीचंही तसंच. सांडपाण्यातल्या खतावर तिथे शेवाळ वाढतं आणि ते खायला फ्लेमिंगो हजारोंनी उतरतात. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला.

आपल्या टाकीत फ्लेमिंगो येणार नाही. पण टाकीतलं खत मात्र आपणच घालतो. उरलेलं खाणं आणि माशांची घाण कुजून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं. पिकाला घालतो त्या खतातही हेच असतं. त्यात उजेड मिळाला की शेवाळ वाढणारच. खत चालू ठेवून नुसतं शेवाळ मारणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्या गटात आम्ही बसून विचारलं, माशांना खायला कोण घालतं? पाच जणींनी हात वर केला. जी टाकीजवळून जाई ती मायेने एक चिमूट टाकी. एकीला दुसरीचं माहीत नव्हतं. दिवसाला पाच-सहा वेळा खाणं पडत होतं. चूक एकीची नव्हतीच. थेंबे थेंबे तळे साचे, हे बचतीचं जसं खरं तसं घाणीचंही.

आधी शेवाळ ओळखा

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी पूड बसल्यासारखी दिसते. घाबरू नका, ती बहुधा आपोआप जाते. काचेवर पातळ हिरवा थर येणं नेहमीचंच, आठवड्याला खरवडा. केसांसारखं लांब हिरवं शेवाळ आलं की समजा, खत जास्त झालं. आणि लालसर-जांभळी बुळबुळीत चादर, वर बुडबुडे, दिसली तर ते खरं शेवाळ नसून जिवाणू असतात. ती चादर नळीने ओढून काढा आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. पाणी साचून राहतं तिथेच ती पसरते.

मग करायचं काय?

पहिलं खाणं. दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत मासे संपवतील एवढंच. गोठवलेलं खाणं असेल तर वितळवून गाळणीत धुवा, त्याचं पाणी टाकीत ओतू नका.

दुसरं पाणी. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातही शेवाळाचं खत असू शकतं, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीनही असतं. म्हणून आरओचं पाणी वापरा. त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठ घाला, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. पाणी आदल्या दिवशी कालवून पंपाने फिरतं ठेवा आणि खारटपणा हायड्रोमीटरने मोजा. काटा १.०२५ च्या आसपास हवा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटतं, तेव्हा वरून गोडं पाणीच घाला. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. खारं घातलंत तर टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होत जाईल.

तिसरं, आठवड्याची सफाई. शंभर लिटरच्या टाकीत दर आठवड्याला दहा ते पंधरा लिटर पाणी बदला. पाणी काढताना नळीचं तोंड तळाशी धरा, म्हणजे साचलेली घाणही निघते. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधी धुवू नका. घाण पचवणारे चांगले जिवाणू त्यातच असतात, क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.

चौथं उजेड. टाकी खिडकीच्या उन्हात नको. दिवा दिवसाला आठ तास पुरे. विसर पडत असेल तर टायमर लावा.

पाचवं, मदतनीस. टर्बो जातीच्या समुद्री गोगलगायी काच आणि दगड चाटून साफ ठेवतात. टाकी चांगली दोन-अडीच महिने चाललेली असेल तेव्हाच दोन-चार आणा. खाडीतून उचलून आणू नका. तिथलं पाणी वेगळं, आणि त्यांच्यासोबत काय येईल सांगता येत नाही. लांब शेवाळ मात्र गोगलगायीवर सोडू नका, ते हाताने उपटून बाहेर टाका. जेवढं शेवाळ बाहेर, तेवढं खत बाहेर.

यातलं काहीच एका दिवसात फळत नाही. त्या गटाला दीड महिना लागला. भिंतीवर कागद लावला, खायला घालण्याच्या पाळ्या ठरल्या, घातलं की पुढे खूण. पाणी बदलल्याची तारीख बचतीच्या वहीतच मागच्या पानावर. शेवाळ पूर्ण गेलं नाही, जाणारही नाही. पण काच साफ राहते, आणि उरलेले चौदाही मासे विकले गेले. कर्जाचा हप्ता त्या महिन्यात उशिरा भरला, पण भरला.

तुमच्या गटात टाकी असेल तर या आठवड्याच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या माशांना दिवसाला कोण, किती वेळा खायला घालतं? उत्तर ऐकून कदाचित तुम्हालाच हसू येईल.