२०४८ बाइटांत मराठी : छोट्या चिपवरील मेमरीचा हिशेब

तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते. त्याच नावाची औद्योगिक वसाहत बोईसरला आहे. तिथल्या रसायन, कापड, औषध आणि पोलादाच्या कारखान्यांत पंप, टाक्या, ड्रायर यांच्या पॅनेलमध्ये मायक्रोकंट्रोलर नावाची एक छोटी चिप बसलेली असते. पाणी किती चढले, तापमान किती झाले हे पाहून ती मोटार चालू-बंद करते आणि बोटभर पडद्यावर सूचना दाखवते. ही सूचना बहुधा रोमन लिपीत असते. असे कंट्रोलर बनवणाऱ्यांना कारण विचारले की एक उत्तर मला वारंवार मिळते : "मराठीला मेमरी पुरत नाही."

रात्रपाळीला पॅनेलपुढे उभ्या असलेल्या माणसाला सूचना झटकन वाचता येणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणून हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. मी अभियंता नाही. वैतरणा स्टेशनजवळ राहून, डेटाशीट वाचत आणि बोर्ड जोडत मी हा विषय शिकलो. माझ्या मते या उत्तरात मेमरीपेक्षा मोजण्याची पद्धत जास्त दोषी आहे.

पुस्तक आणि पाटी

अशा चिपमध्ये दोन मेमरी असतात. फ्लॅश ही छापील पुस्तकासारखी. प्रोग्रॅम तिथे राहतो आणि वीज गेली तरी पुसला जात नाही. रॅम ही पाटीसारखी. चालू आकडेमोड तिच्यावर होते आणि वीज गेली की ती कोरी होते. इंटेलच्या १९८० सालच्या ८०५१ चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ४ केबी जागा होती आणि रॅम अवघी १२८ बाइट. आर्डुइनो उनो बोर्डामुळे घरोघरी पोचलेल्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये फ्लॅश ३२ केबी आणि रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट आहे. पुस्तक मोठे, पाटी लहान, हे प्रमाण इथे नेहमीचेच.

पहिला गोंधळ फाइल पाहून होतो. चिपमध्ये भरायची हेक्स फाइल ९० केबीची दिसली की नवखा घाबरतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिलेला असतो, शिवाय पत्ता आणि पडताळणीचा आकडा असतो. नेहमीच्या मांडणीत १६ बाइटांच्या एका ओळीला ४५ अक्षरे लागतात. म्हणजे ९० केबीच्या फाइलमधला खरा ऐवज ३२ केबीच.

योग्य माप कंपायलरसोबतचा 'साइझ' हा आदेश देतो. तो तीन आकडे सांगतो. 'टेक्स्ट' म्हणजे मुख्यतः सूचनांचा प्रोग्रॅम. 'डेटा' म्हणजे सुरुवातीची किंमत ठरलेली चले, आणि 'बीएसएस' म्हणजे शून्यापासून सुरू होणारी चले. फ्लॅशचे माप टेक्स्ट अधिक डेटा, रॅमचे माप डेटा अधिक बीएसएस. डेटा दोन्हीकडे मोजायचा, कारण त्याची मूळ प्रत फ्लॅशमध्ये असते आणि चिप सुरू होताना ती रॅममध्ये उतरवली जाते. शेवटी छापलेली तिन्हींची बेरीज कोणत्याच मेमरीचे माप नसते.

मराठीचा खर्च

आता मराठीकडे येऊ. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हे. "पाणी भरले" यात आठ चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे २५ बाइट, शिवाय शेवटाची खूण मिळून २६. रोमन लिपीतल्या "टँक फुल"ला १० पुरतात. अशा ४० सूचना धरल्या तर १०४० बाइट होतात.

एटीमेगावर स्थिर मजकूरसुद्धा आपोआप रॅममध्ये उतरतो. प्रोग्रॅममध्ये त्याला नुसते 'कॉन्स्ट' म्हटल्याने तो थांबत नाही. तरीही अहवाल या मजकुरापोटी निम्मीच रॅम गेल्याचे सांगतो, आणि सगळे ठीक वाटते. पण १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या पडद्याच्या संपूर्ण चित्राला १०२४ बाइट लागतात आणि काही लायब्ररी ही जागा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागतात. ती अहवालात दिसत नाही. १०४० अधिक १०२४ म्हणजे २०६४. पाटी १६ बाइटांनी अपुरी पडली, आणि दोष मराठीच्या माथी गेला.

उपाय पुस्तकातच आहे. 'प्रोगमेम' ही खूण लावली की मजकूर फ्लॅशमध्येच राहतो. त्याची प्रत तिथे आधीपासून असल्याने फ्लॅशचा खर्च जवळजवळ वाढत नाही. जोडाक्षरे जुळवण्याचे काम मात्र या चिपला जड जाते. म्हणून प्रत्येक सूचनेचे तयार चित्रच ठेवावे. १२८ गुणिले १६ ठिपक्यांचे चित्र २५६ बाइटांचे, म्हणजे ४० सूचनांना १० केबी, फ्लॅशच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. पडदा आठ-आठ ठिपक्यांच्या पट्ट्यांनी रंगवला तर १०२४ऐवजी १२८ बाइट रॅम पुरते.

उधाणाची खूण

एक माप उरते, स्टॅकचे. एका कामातून दुसऱ्या कामात शिरताना चिप परतीचा पत्ता आणि तात्पुरते आकडे रॅममध्ये रचत जाते. ही रास प्रोग्रॅम चालतानाच वाढते आणि ओसरते. ती चलांवर चढली तर कंट्रोलर मध्येच भलतेच वागतो.

वैतरणेच्या खाडीत भरती कुठवर आली हे जेटीच्या खांबावरची चिखलाची रेघ सांगते. स्टॅकही तसाच मोजतात. आधी मोकळी रॅम एकाच ठरावीक आकड्याने भरायची, प्रोग्रॅम चालवायचा आणि तो आकडा कुठवर पुसला गेला ते पाहायचे. मात्र भांगाच्या दिवशीची रेघ उधाणाला उपयोगी नाही. सेन्सर, बटण आणि फोनचा संदेश एकाच क्षणी आले तर काय होते, ते मुद्दाम घडवून मोजावे लागते.

याचे महत्त्व मोठ्या कंपन्यांनाही चुकलेले नाही. २०१३ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात टोयोटा कॅमरीच्या अपघाताचा खटला चालला. वादी पक्षाचे तज्ज्ञ मायकेल बार यांनी साक्षीत सांगितले की इंजिन नियंत्रकाचा स्टॅक कंपनीच्या हिशेबात ४१ टक्के वापरला जात होता, त्यांच्या मोजणीत तो ९४ टक्के भरला.

चिप बदलली की हिशेबही बदलतो. एआरएम कॉर्टेक्स-एम चिपवर स्थिर मजकूर सहसा फ्लॅशमध्येच राहतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या तेजस ३२ या चिपमध्ये प्रोग्रॅम आणि आकडे २५६ केबीच्या एकाच रॅममध्ये नांदतात, म्हणून तिथे दोन्ही मापे एकत्र करावी लागतात.

तेव्हा कोणी मराठीला मेमरी नाही म्हटले, तर कारखानदाराने त्याला तीन आकडे विचारावेत : फ्लॅश किती भरली, स्थिर चलांनी रॅम किती घेतली, आणि उधाणाच्या वेळी स्टॅक कुठवर गेला. हे तीन आकडे हाती आले की "पाणी भरले" या दोन शब्दांना जागा बहुतेक वेळा सापडते.