बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

शाळेत बालबाजार भरतो शुक्रवारी. मी वाट पाहते शनिवारची.

शुक्रवारी अर्धं गाव मैदानात असतं. लेकरं पोती अंथरून बसलेली, पुढ्यात मेथीच्या जुड्या, बोरं, चिंचा, हरभऱ्याचे ढाळे, कुणाच्या आईनं सकाळी तळून दिलेली भजी. पन्नासची नोट आली की सुट्ट्यासाठी धावाधाव होते. पाहुणे येतात, फोटो निघतात. शनिवारी सकाळची शाळा असते. पैशाच्या पिशव्या सतरंजीवर उपड्या होतात आणि बाजारातून जे शिकायचं ते खरं तेव्हा सुरू होतं.

यंदा तिसरीतल्या एका मुलीनं पैसे पुन्हा पुन्हा मोजले आणि जाहीर केलं, "बाई, मला १२० रुपये फायदा झाला."

"मेथी काय फुकट आली व्हय?" शेजारचा पोरगा म्हणाला.

"आमच्याच रानातली हाय की."

झालं, वाद पेटला. रानातली मेथी फुकट कशी? बी विकत आणलं, रान नांगरायला ट्रॅक्टरवाला पैसे घेतो. मी एकेक फळ्यावर लिहीत गेले. जुड्या आजीनं बांधल्या होत्या. त्या कामाचे पैसे धरायचे का? वर्गाचे सरळ दोन तट पडले. मग एरवी कधी तोंड न उघडणारी चौथीतली मुलगी बोलली, "आजी लोकाच्या रानात रोजानं जाती तवा पैसे मिळतेत. मग घरचं काम फुकट कसं?" शेवटी फळ्यावर दोन उत्तरं राहिली, आजी धरून आणि आजी सोडून. मी एकही पुसलं नाही. नफा-तोटा पुस्तकात पुढच्या इयत्तांत येतो. ही मुलं तिथं पोचतील तेव्हा 'खर्च' या शब्दाशी त्यांचं आधीच एक भांडण झालेलं असेल.

उपक्रमाबद्दल माझं मत असं बनत गेलं आहे की तो कसा झाला हे त्या दिवशी कळतच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातलं काही हाताळायला, मोजायला, भांडायला उरलं तर तो झाला. नाहीतर नुसता साजरा झाला.

आमची शाळा कळंब तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. सरांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी. एका गटाला काम लावून दुसऱ्याला शिकवायचं, हे तिथं रोजचंच. म्हणून मुलांनी स्वतः चालवायची कामं मला फार मोलाची वाटतात. त्यातलं सगळ्यात चांगलं काम कुठल्याही दिनविशेषात मोडत नाही. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. परिपाठ संपला की चौथीतली दोघं दोन्ही वर्गांतली डोकी मोजतात, गुणाकार करतात, किलो-ग्रॅम वेगळे करतात आणि चिठ्ठी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना देतात. ३६ मुलं म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम. मावशी काट्यावर तेवढा तांदूळ काढतात, आणि चिठ्ठी चुकली असेल तर ती पोरांसकट माझ्याकडे परत येते.

जूनमधला प्रवेशोत्सव फुलं-फुगे आणि नव्या पुस्तकांच्या वासात उरकतो. तेव्हा गावाचं निम्मं लक्ष आभाळाकडे असतं. आषाढीची दिंडी मुलांना फार आवडते. रंग खरा भरतो तो श्रावणी अमावस्येच्या पोळ्याआधी, मातीचे बैल करताना. पोरं रानातली काळी माती आणतात, बैल झकास होतो, आणि उन्हात ठेवला की दुपारपर्यंत शिंगं तडकतात, पाठीवर भेग जाते. रडारड होते. मग आम्ही तीन तऱ्हेचे बैल करतो: नुसत्या काळ्या मातीचा उन्हात वाळवलेला, चुलीतली राख मळून सावलीत ठेवलेला, आणि तिसरा तळ्यातल्या गाळाचा. दुसऱ्या दिवशी तिघांच्या भेगा बघायच्या. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, हे सांगायला मग शब्द कमी लागतात, कारण उन्हाळ्यात रानाला पडलेल्या भेगांत ह्याच पोरांनी काठ्या घालून पाहिलेल्या असतात.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं. १९४८ साली १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून आली आणि पहिली चकमक आपल्याच जिल्ह्यातल्या नळदुर्गला झाली, हे सांगितलं की वर्ग कान टवकारतो. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून या, असंही मी सांगते. पण ते दिवस आठवणारी माणसं आता गावात फारशी उरली नाहीत.

सहल डिसेंबर-जानेवारीत काढायचा सगळीकडे रिवाज आहे. आम्ही दसऱ्याच्या आधीच तेरला जाऊन येतो. कारण साधं आहे: दिवाळीनंतर वर्गातली कितीतरी लेकरं आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. तेर गोरोबा काकांचं, म्हणजे कुंभाराचं गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आणि मणी पाहताना पोळ्याचा बैल तडकलेला एक पोरगा काचेला नाक लावून म्हणाला, "बाई, हिला भेग कशी न्हाई?" भट्टीत भाजण्याची गोष्ट तिथं उभ्या उभ्या झाली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात तेरचं नाव तगर असं येतं. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. भडोच ते पैठण वीस दिवस आणि पैठण ते तगर दहा दिवस, असा हिशेब त्यात दिला आहे. वर्गात परतल्यावर आम्ही नकाशावर दोरा ठेवून ही वाट मापली. तीस दिवस बैलांना चारा काय घालत असतील, हा प्रश्न पोरांचा.

दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळ्या निघतात. काही लेकरांची सोय हंगामी वसतिगृहात होते, काही आजीजवळ राहतात, बाकीची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर जातात. तांदळाची चिठ्ठी ३ किलो ६०० वरून अडीच किलोवर येते आणि ती लिहिणाऱ्या पोरांना कुणी सांगावं लागत नाही. कायद्यानं प्राथमिक शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरते. फडावर गेलेल्या लेकराच्या वाट्याला त्यातले निम्म्याच्या आसपास येतात. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, जिल्ह्यात शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण रानातल्या भज्जीत किती भाज्या होत्या ते सांगतो. ते ऐकताना मला न आलेली लेकरंच आठवतात. बालबाजारही त्यांना मिळत नाही.

मार्चपासून एकेक जण परत येऊ लागतो. यंदा चौथीतला एक पोरगा आला तेव्हा मी वजन-मापं शिकवत होते. हजार किलो म्हणजे एक टन, हे पुस्तकात एका ओळीत येतं. तो उठून फळ्याशी आला आणि मोळी कशी बांधतात, काट्यावर गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी का तोलतात, वाढं कुणाला विकतात, हे सगळं समजावून देऊ लागला. वर्गानं मोळी २५ किलोची धरली: टनाला ४० मोळ्या. "आईची मोळी लई जड असती," तो म्हणाला. मग ४० किलोची धरली: २५ मोळ्या. मोळीचं वजन वाढलं की मोळ्या कमी होतात, हे कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

टन त्याला माझ्यापेक्षा चांगला कळतो, पण हातच्याची वजाबाकी चार महिन्यांत पार विसरून गेला आहे. दुसऱ्या सत्राची परीक्षा तोंडावर आली आहे. रोज परिपाठाआधी अर्धा तास तो, मी आणि आजीच्या कामाचे पैसे मागणारी ती मुलगी असे तिघं पाटी घेऊन बसतो. दोन अंकी आता बिनचूक येते. मध्ये शून्य आलं की अजून अडतो.